चाकावरची काळी धूळ : ब्रेकच्या धुळीची गोष्ट

हेडफोन लावून ऐकण्यापेक्षा ज्यांना वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय तुमच्या गाडीच्या चाकांवरच आहे. गाडी धुतली, पार्किंगमध्ये चकाचक उभी केली. चार दिवसांनी बघावं तर पुढच्या दोन चाकांवर काळपट, तपकिरी झाक असलेला थर बसलेला असतो. मागची चाकं त्या मानाने बरी दिसतात. बोट फिरवलं की बोट काळं होतं. आणि महिनाभर तसंच ठेवलं, तर नुसत्या शाम्पूने ते निघतही नाही. अलॉय व्हील असेल तर मग बघायलाच नको.

ही रस्त्यावरची धूळ नाही, ब्रेकची आहे. "चाकं स्वच्छ कशी ठेवायची" यावर ढीगभर व्हिडिओ आहेत. पण मी पडलो सॉफ्टवेअरवाला. एरर दिसली की आम्ही आधी लॉग उघडतो आणि हे कधीपासून होतंय ते बघतो. तसंच इथेही केलं. ही धूळ कधी सुरू झाली? आधी कुठे जायची? आणि तिच्यावर ज्यांनी ज्यांनी उपाय केला, त्यांनी ती नेमकी कुठे पाठवली? हा लॉग वाचत गेलो तर तो थेट १८८८ पर्यंत जातो, आणि त्यात काही माणसांचे जीवही गेलेत.

आधी दोन मिनिटं शाळेतलं फिजिक्स. ब्रेक गाडीचा वेग गिळून टाकत नाही, तो वेगाची उष्णता करतो. समजा तुमची गाडी माणसांसकट १२०० किलोची आहे आणि ताशी ८० किलोमीटरने चालली आहे. ती पूर्ण थांबवायला जेवढी ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते, तेवढ्यात ३० अंशांचं लिटरभर पाणी उकळीला येईल. एका ब्रेकमध्ये! आता खंडाळ्याचा घाट उतरताना आपण किती वेळा ब्रेक दाबतो ते आठवा. ही उष्णता दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासून तयार होते, आणि घासलं की झिजणार. ब्रेक दाबल्यावर गाडीचं वजन पुढे झुकतं, म्हणून जास्त काम पुढच्या ब्रेकना करावं लागतं आणि पुढची चाकं जास्त काळी होतात. म्हणजे धूळ हा ब्रेकचा दोष नाही. ब्रेकने काम केलं, त्याची ती पावती आहे. प्रश्न एवढाच, की ती पावती कुणाच्या हातात पडते.

आता १८८८ मध्ये जाऊ. ऑगस्ट महिना, जर्मनीतलं मानहाइम शहर. कार्ल बेंझ यांनी मोटारगाडी बनवली होती, पण लोकांना ती चालेल असा भरवसा नव्हता. त्यांची बायको बेर्टा बेंझ नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, ती गाडी काढून माहेरी फोर्त्सहाइमला निघाली. शंभर किलोमीटरच्या वरचा प्रवास. वाटेत चढ-उतार होते. गाडीचे ब्रेक म्हणजे चाकावर दाबले जाणारे लाकडी ठोकळे. उतारावर ते भराभर झिजायला लागले. तेव्हा बेर्टाबाईंनी वाटेतल्या गावात एका चर्मकाराला गाठलं आणि त्या ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. जगातलं पहिलं ब्रेक लायनर म्हणून ही गोष्ट सांगितली जाते. मंडळी, लक्षात घ्या, मोटारगाडीच्या पहिल्या लांब प्रवासातच ब्रेकची झीज हा प्रश्न उभा राहिला, आणि त्याला पहिलं उत्तर दिलं ते एका बाईने आणि एका चर्मकाराने.

तेव्हाची धूळ म्हणजे लाकडाचा भुसा आणि चामड्याचा चुरा. रस्ते कच्चे, घोड्यांची लीद पडलेली, त्यात हा चुरा कोण बघतोय?

पुढचा माणूस इंग्लंडमधला. डर्बीशायर हा डोंगराळ भाग. तिथे हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसाने पाहिलं, की घोडागाडीवाले उतारावर गाडी आवरायला लाकडी ब्रेकवर जुने बूट ठोकतात. त्याला वाटलं, यापेक्षा चांगलं काही बनवता येईल. १८९७ मध्ये त्याने स्वतःच्या घराजवळच्या शेडमध्ये प्रयोग सुरू केले. त्यातून जी कंपनी झाली तिचं नाव फेरोडो. फ्रूड हे आडनाव इंग्रजीत लिहायचं, त्यात बायकोच्या एलिझाबेथ या नावातलं पहिलं अक्षर टाकायचं आणि अक्षरं हलवायची, की फेरोडो तयार होतं. गॅरेजमध्ये जाणं-येणं असेल तर हे नाव तुम्ही पॅडच्या खोक्यावर वाचलंही असेल.

फ्रूडने आधी सुती पट्ट्यांना राळेसारखे पदार्थ पाजून लायनर बनवले. घोडागाडीला ते पुरले. पण मोटारी वेगवान व्हायला लागल्या, आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. वेग दुप्पट केला की उष्णता चौपट. सुती लायनर जळायला लागले.

त्याच सुमाराला, १९०२ मध्ये, फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज इंजिनिअरने डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. आज आपल्या गाडीत आहे तीच मूळ कल्पना, फिरणारी चकती आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटा. पण त्याचे पॅड तांब्याचे होते. धातूवर धातू घासल्यावर जो आवाज व्हायचा तो कान किटवणारा. हे तांबं लक्षात ठेवा, ते आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

मग सगळ्यांना एक जादूचा पदार्थ मिळाला, अ‍ॅस्बेस्टॉस. खाणीतून निघणारा दगड, पण त्याचे तंतू निघतात, सूत कातता येतं, कापड विणता येतं. जळत नाही, आवाज करत नाही, स्वस्त आहे. १९०७-०८ च्या सुमाराला फ्रूडने ते ब्रेकमध्ये आणलं, आणि पुढची सत्तर-ऐंशी वर्षं जगभर ब्रेक लायनर म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस हे समीकरण राहिलं. लायनरच्या वजनातला जवळजवळ निम्मा भाग अनेकदा याच तंतूंचा असायचा. आपल्याकडेही ते आलं. मुंबईत घाटकोपरला हिंदुस्तान फेरोडो नावाची कंपनी ब्रेक लायनिंग बनवायची. पुढे तिचं नाव बदललं.

आमच्या धंद्यात एक शब्द आहे, रिग्रेशन. एक बग दुरुस्त करताना दुसरीकडे नवा बग घुसतो आणि तो लगेच दिसत नाही. अ‍ॅस्बेस्टॉस हे असं रिग्रेशन होतं, की जे सापडायला काही वर्षं लागली आणि मान्य व्हायला कित्येक दशकं.

इंग्लंडमधलंच रॉचडेल गाव. नेली केरशॉ ही बाई तिथे अ‍ॅस्बेस्टॉसचं सूत कातायच्या कामावर होती. कारखान्यात कामाला लागली तेव्हा ती बारा वर्षांची होती. १९२४ मध्ये, ३३ व्या वर्षी, फुफ्फुसाच्या आजाराने ती गेली. डॉक्टर विल्यम कुक यांनी तिची फुफ्फुसं तपासली, त्यात त्यांना खनिजाचे कण सापडले, आणि त्याच वर्षी त्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यावर लेख लिहिला. नेलीच्या कंपनीने मात्र जबाबदारी नाकारली आणि नुकसानभरपाई दिली नाही. पुढे १९२० च्याच दशकात फेरोडो ज्या उद्योगसमूहात गेली, त्यातच नेली जिथे सूत कातायची ती कंपनीही होती. म्हणजे सूत कातणारे हात आणि ब्रेक लायनर हे एकाच हिशेबाच्या वहीत होते.

१९३० मध्ये ब्रिटिश सरकारसाठी मेरेवेदर आणि प्राइस यांनी अहवाल दिला. त्यांनी ३६३ अ‍ॅस्बेस्टॉस कामगार तपासले. त्यातल्या ९५ जणांची फुफ्फुसं या धुळीने निबर झालेली निघाली. चारात एक! १९३१ मध्ये ब्रिटनमध्ये कारखान्यांसाठी नियम झाले. पण ते कारखान्यांपुरते. लायनर कारखान्यातून बाहेर पडून गॅरेजमध्ये गेला, की पुढे कोण बघणार?

आणि गॅरेजमध्ये काय चालायचं? तेव्हा बहुतेक गाड्यांना ड्रम ब्रेक. आपली सुरुवातीची अँबॅसिडर आठवा, चारही चाकांना ड्रम. ड्रम म्हणजे झाकणाचा डबाच. झीज आत साठते, बाहेरून चाक स्वच्छ. लोखंडी चाक, वर चकचकीत व्हील कॅप, मालक खूश. मग सर्व्हिसिंगला फिटर ड्रम उघडायचा आणि आतली धूळ काढायला हवेचा पाइप लावायचा. फुस्स! सगळी धूळ ढगासारखी उठायची, फिटरच्या तोंडावर, शेजारी पाने देणाऱ्या पोऱ्याच्या तोंडावर.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ब्रेकच्या उष्णतेत अ‍ॅस्बेस्टॉसच्या बहुतेक तंतूंचं रूप बदलून जातं, धुळीत अखंड तंतू थोडेच उरतात. त्यामुळे फिटरला नेमका किती धोका होता यावर संशोधकांमध्ये आणि कोर्टांमध्ये खूप वाद झाले. जास्त मार बसला तो लायनर बनवणाऱ्या, कापणाऱ्या, घासून मापात आणणाऱ्या हातांना. पण १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेतून वॅग्नर आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला, त्यात मेसोथेलिओमा या कॅन्सरचं अ‍ॅस्बेस्टॉसशी नातं दाखवलं होतं. आणि त्यात नुसते खाणकामगार नव्हते, खाणीच्या आसपास राहिलेली माणसंसुद्धा होती. हा आजार धुळीशी संबंध आल्यानंतर वीस, तीस, चाळीस वर्षांनी वर येतो. लॉगमध्ये एरर आणि तिचं कारण यांच्यात चाळीस वर्षांचं अंतर! सांगा, कसं शोधणार?

अमेरिकेत १९९४ च्या नियमांनी गॅरेजमध्ये अशी धूळ हवेने उडवायला मनाई केली. ओली करा, नाहीतर बंदिस्त यंत्राने ओढून घ्या. युरोपियन युनियनमध्ये २००५ पासून अ‍ॅस्बेस्टॉस बंद झालं. अमेरिकेत १९८९ मध्ये सरकारने बंदीचा नियम केला, १९९१ मध्ये कोर्टाने तो बराचसा रद्द केला, आणि क्रायसोटाइल म्हणजे पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदीचा अंतिम नियम यायला २०२४ उजाडलं. त्यात बाजारात सुटे मिळणारे ब्रेकचे भागही आले. आणि भारत? १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात निकाल दिला, की कामगाराचं आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. प्रत्येक कामगाराची आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा काम सुटल्यावर १५ वर्षं, यातलं जे नंतर येईल तोपर्यंत जपायची. ४० वर्षं का, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. पण पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसवर आपल्याकडे सरसकट बंदी आलेली नाही.

बरं, मग चाकं काळी कधी झाली? तर डिस्क ब्रेक परत आला तेव्हा. १९५३ मध्ये फ्रान्समधल्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जग्वारने डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेली गाडी उतरवली आणि जिंकली. प्रतिस्पर्ध्यांचे ड्रम तापून पकड सोडायचे, जग्वार मात्र वळणाच्या अगदी तोंडाशी येऊन ब्रेक दाबू शकायची. १९५५ मध्ये सित्रोएन डीएस या रोजच्या वापराच्या गाडीला पुढे डिस्क आले, आणि मग हळूहळू सगळीकडे. डिस्क लवकर थंड होते कारण ती उघडी असते. पण उघडी असते म्हणून तिची धूळही उघड्यावर येते, आणि तिच्या समोरच असतं चाक. त्यात अलॉय व्हीलची फॅशन. बुगाटीने १९२४ मध्येच टाइप ३५ या रेसिंग कारला अ‍ॅल्युमिनियमची ओतीव चाकं दिली होती. पण सामान्य माणसाच्या गाडीवर मोठी, मोकळ्या आऱ्यांची चंदेरी चाकं बऱ्याच नंतर आली. स्वच्छ डब्यात लपलेली धूळ आता शोकेसमध्ये येऊन बसली.

अ‍ॅस्बेस्टॉस गेल्यावर त्याच्या जागी काय आलं? पोलादाचे तंतू, आणि आपलं जुनं तांबं. तांबं उष्णता झटपट पसरवतं म्हणून पॅडमध्ये तांब्याचे तंतू घातले गेले. ही धूळ पावसाने वाहून नाल्यात, नाल्यातून नदीत आणि खाडीत. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर शास्त्रज्ञांना दिसलं, की पाण्यात अगदी थोडं तांबं मिसळलं तरी लहान सामन माशांचं वास घेणं बिघडतं. सामन वासावरच जगतो, त्यावरच शत्रू ओळखतो. २०१० मध्ये वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या दोन राज्यांनी कायदे केले. कॅलिफोर्नियात २०२१ पासून पॅडमध्ये तांबं ५ टक्क्यांच्या आत, २०२५ पासून अर्ध्या टक्क्याच्या आत. लँचेस्टरच्या तांब्याला अ‍ॅस्बेस्टॉसने घालवलं, अ‍ॅस्बेस्टॉस गेल्यावर तांबं परत आलं, आणि आता तेही गेलं.

म्हणून मला वाटतं, चाक स्वच्छ दिसणं आणि धूळ नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ड्रमच्या जमान्यात चाक स्वच्छ होतं, धूळ फिटरच्या नाकात होती. मध्ये लोकांनी चाकाच्या आत बसवायच्या चकत्या विकल्या, धूळ अडवायला. धूळ अडायची, पण ब्रेकला लागणारी हवाही अडायची आणि ब्रेक तापायचे. आज "लो डस्ट" म्हणून सिरॅमिक पॅड मिळतात. ते चांगले आहेत, चाक खरंच कमी काळं होतं. पण त्यांची धूळ बरीचशी फिक्या रंगाची असते आणि चाकाला कमी चिकटते, म्हणून ती कमी दिसते. दिसली नाही म्हणजे झालीच नाही असं नाही.

सरकारी मोजमाप आत्ता कुठे सुरू होतंय. युरोपच्या "युरो ७" नियमात पहिल्यांदाच ब्रेकमधून हवेत जाणाऱ्या बारीक कणांवर मर्यादा आली. पेट्रोल, डिझेल आणि हायब्रिड कारला किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम, पूर्ण इलेक्ट्रिक कारला ३. नव्या मॉडेल्सना हा नियम नोव्हेंबर २०२६ च्या अखेरीपासून. सोपा गुणाकार करा. वर्षाला १०,००० किलोमीटर चालणारी कार, किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम, म्हणजे ७० ग्रॅम. एवढं करूनही वर्षाला ७० ग्रॅम हवेत जाऊ शकतात, तेही एका गाडीचे! इलेक्ट्रिक गाडी थांबताना मोटरच उलटी चालवून बॅटरीत ऊर्जा परत घेते, त्यामुळे तिचे पॅड कमी घासतात. म्हणून तिच्यासाठी मर्यादा कडक.

आता कामाचं. आमच्या सोसायटीत रोज पहाटे गाड्या पुसणारी मुलं येतात. महिन्याचे ठरलेले पैसे, एक फडकं, एक बादली, आणि चाकं बऱ्याचदा कोरड्या ब्रशने झटकायची, कारण पाणी कमी. हा सगळा इतिहास वाचल्यावर माझं सांगणं असं :

चाक गार झाल्यावरच धुवायचं आणि आधी पाणी मारायचं, मग ब्रश. कोरडं झटकायचं नाही. अमेरिकेत गॅरेजांसाठी जो नियम झाला, त्याचं सार हेच आहे. चाकाचं फडकं आणि बादली वेगळी ठेवायची, नाहीतर तेच लोखंडाचे कण बॉडीवर घासले जातात आणि चरे पडतात. डिस्क आणि पॅडचे बरेचसे कण लोखंडाचे असतात. ते गरम असताना चाकाला चिकटतात आणि ओल लागली की गंजतात, म्हणून पावसाळ्यात आणि कोकणात थर लवकर तपकिरी होतो. हा थर जुना झाला तर "आयर्न रिमूव्हर" मारा. लोखंड लागलं की तो जांभळा होऊन ओघळतो. त्यातला थायोग्लायकोलेट हा पदार्थ पार्लरमध्ये केस कुरळे करायच्या द्रावणातही असतो, वास त्याचाच. हातमोजे घाला आणि भरपूर पाण्याने धुवा. बाटलीवर अ‍ॅसिड किंवा बायफ्लोराइड लिहिलेलं असेल तर ती नकोच, त्याने चाकाचंही नुकसान होतं आणि हाताचंही. डिस्कवर पॉलिश किंवा तेल चुकूनही जाऊ देऊ नका.

गॅरेजमध्ये लायनर बदलताना फिटर हवेचा पाइप उचलायला लागला तर "दादा, हवा नका मारू, ओल्या फडक्याने पुसा की" एवढं म्हणा. पॅड घेताना खोक्यावर अ‍ॅस्बेस्टॉस-फ्री लिहिलंय का बघा, आणि पन्नास-शंभर रुपये वाचवायला बिननावाचं खोकं घेऊ नका. ते पैसे आपण वाचवतो, पण खोकं उघडून धूळ अंगावर घेणारा दुसराच असतो.

आणि गाडी पुसणाऱ्या मुलाला चाकांसाठी एक जास्तीची पाण्याची बादली आणि हातमोज्यांचा जोड द्या. फार खर्च नाही.

या भागात एवढंच. तुमच्या गॅरेजमध्ये ब्रेकची धूळ कशी काढतात ते मला नक्की कळवा, व्हॉइस नोट पाठवलीत तर पुढच्या भागात वाजवू. तोपर्यंत घाटात गिअरवर उतरा, ब्रेकवर नको. धूळही कमी होईल. भेटूया, काळजी घ्या!